कव्हरवर नसलेलं गाणं

दिवा राहू द्या तसाच. अंधाराला मी भीत नाही, माझं निम्मं आयुष्य खिडक्या नसलेल्या खोल्यांत गेलं आहे. पण बोलताना समोरच्याचा चेहरा दिसला की मला बरं पडतं. हल्ली मी सारखी तपासत असते, की ऐकणारा खरंच ऐकतोय का.

गेल्या वर्षी एका दुपारी बाबांचा फोन आला. माळ्यावर टेपची पेटी आहे, ती येऊन घेऊन जा, एवढंच म्हणाले. जाताना त्यांच्या चष्म्याची दुरुस्तीला टाकलेली काडी घेतली, थोडी केळी घेतली आणि मी गेले. पेटी जड होती. बाबा खालून स्टूल धरून उभे होते आणि नेहमीसारखे सूचना देत होते. त्या सूचना ऐकत बसले असते तर मी पेटीसकट खाली आले असते.

माझं काम जुनी ध्वनिमुद्रणं साफ करायचं. खरखर काढायची, दबलेला आवाज वर आणायचा, नव्यानं रेकॉर्ड छापायला तयार करून द्यायचं. "माझी बायको आवाज धुऊन वाळत घालते," असं माझा नवरा पाहुण्यांना सांगतो. त्या पेटीत बाबांच्याच बँडची टेप होती, म्हणून मी जरा खुशीत होते. घरचं कार्य असल्यासारखं.

बाबा तरुणपणी ड्रम वाजवायचे. त्यांचा बँड रेगे वाजवायचा, म्हणजे जमैका बेटावरच्या लोकांचं संगीत. रेगेची गंमत अशी, की जिथे आपला हात टाळीला जातो तिथे ते लोक गप्प बसतात, आणि जिथे आपण श्वास घेतो तिथे टाळी देतात. बँडमध्ये चौघं होते. ड्रमवर बाबा, बासवर बासकाका, ऑर्गनवर शाळेत शिकवणारे एक मास्तर, आणि चौथा गायक. गायकाला सगळे अडकित्ता म्हणायचे. बोलताना तो अडकायचा म्हणून. गाताना कधीच अडकायचा नाही. हे नाव बाबांनी ठेवलं होतं आणि त्याचा त्यांना केवढा अभिमान. माझ्या लहानपणी पाहुणे आले की हा विनोद व्हायचाच.

त्यांची एकच रेकॉर्ड निघाली, 'मागची बाजू' नावाची. तीत गायकाचा आवाज नाही. रेगेवाल्यांत तशी रीतच आहे. एका बाजूला गाणं असतं, आणि मागच्या बाजूला तेच गाणं आवाज काढून टाकून, नुसत्या वाद्यांवर आणि प्रतिध्वनींवर. त्याला ते व्हर्जन म्हणतात. बाबांचं म्हणणं असायचं की आपली अख्खी रेकॉर्डच मागच्या बाजूची, म्हणून ते नाव.

कव्हरवर नऊ गाणी छापलेली आहेत. रेकॉर्डवर दहा वाजतात.

दहावं त्या रेकॉर्डचं वाटतच नाही. ना ड्रम, ना बास, ना ऑर्गन. एका सुरातला एक बारीक आवाज, बंद दारामागून आल्यासारखा: म... म... म... मधल्या जागा सारख्या नाहीत, पण पाय ठेका धरतो, कारण प्रत्येक म नेमका रेगेच्या टाळीच्या जागी पडतो. बाकी नऊ गाणी लोक विसरले आणि ह्या दहाव्यानं रेकॉर्ड तगवली. तरुण पोरांनी ते उचललं, त्याच्यावर आपले ठोके चढवले, पार्ट्यांमध्ये वाजवलं. ते तिथे आलं कसं, यावर इंटरनेटवर लोक तावातावानं भांडतात. कुणी म्हणतं बोटीचं इंजिन आहे, कुणी म्हणतं बिघडलेला ऑर्गन. बाबा म्हणायचे, छापखान्याची चूक, दुसऱ्या कुणाचा तुकडा आमच्या रेकॉर्डवर चढला. बासकाका म्हणायचे, तुझ्या बापाचा उद्योग असणार. मास्तर आता हयात नाहीत.

मी लहानपणी त्या म-म-मवर नाचायचे. बाबा टेबलावर बोटांनी साथ द्यायचे, आई हसायची. आता ते आठवलं की मान वर होत नाही.

आता एका छोट्या कंपनीला ती रेकॉर्ड पुन्हा काढायची होती, आणि काढायची ती मुख्यतः दहाव्यासाठीच. मी पेटी माझ्या स्टुडिओत आणली, टेप चढवली आणि ऐकायला बसले. नऊ गाणी वाजली. नवव्यानंतर नुसती रिकामी टेप सळसळत होती. ती शेवटपर्यंत तशीच सळसळली. दहावं टेपवर नव्हतंच. म्हटलं, बाबा खरं सांगत होते तर. छापखान्याचीच चूक.

दोन दिवसांनी स्टुडिओच्या दारात एक वयस्क बाई उभ्या होत्या. साधी सुती साडी, हातात कापडी पिशवी. गायकाची मोठी बहीण म्हणून त्यांनी ओळख सांगितली. रेकॉर्ड पुन्हा निघणार हे त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. मी चहा विचारला तर नको म्हणाल्या. पिशवीतून जुनी रेकॉर्ड काढून माझ्यासमोर ठेवली आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या.

मग त्यांनी सांगितलं ते असं. भाऊ ही रेकॉर्ड कारखान्यातून पहिल्याच दिवशी घेऊन आला. आईला बसवलं, शेजाऱ्यांना बोलावलं. लावली. पहिलं गाणं झालं, दुसरं झालं, सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते. त्याचा आवाज कुठेच नव्हता. नऊ झाली, सुई उचलली गेली, शेजारी उठून आपापल्या घरी गेले. त्या दिवसापासून भाऊ बोलला नाही. अडकत नाही, काही नाही, बोललाच नाही. डॉक्टर म्हणाले घसा ठीक आहे. पुढे वीसेक वर्षं जगला आणि मुकाच गेला.

"ह्या रेकॉर्डवर नऊच आहेत," त्या म्हणाल्या. "दहावं बाकीच्यांच्या रेकॉर्डवर आहे. पुतण्यानं मला फोनवर ऐकवलं, पार्टीत लोक नाचत होते. ते ऑर्गन नाही हो. आमचा भाऊ आहे तो. असाच अडकायचा."

माझी कानशिलं तापली होती.

"एवढं काढून टाका," त्या म्हणाल्या. "गाणं ठेवलं नाहीत त्याचं, राहू दे. पण हे नका ठेवू. लोक हसतात."

काढते, असं मी म्हणाले. त्या गेल्यावर त्यांची रेकॉर्ड लावून पाहिली. नऊच होती.

आता मला जे करायला हवं होतं ते मी केलं. स्टुडिओतल्या अशा मोठ्या टेपवर प्रत्येकाला आपापला वेगळा पट्टा असतो. ड्रमचा एक, बासचा एक, ऑर्गनचा एक, गाणाऱ्याचा एक. आवाज काढून टाकला असं बाबा म्हणायचे, म्हणजे तो मुळात घेतलेला असणार. तो सापडला तर निदान बहिणीला भावाचं खरं गाणं देता येईल, असं मनात होतं. मी बाकी सगळे पट्टे बंद करून गायकाचा पट्टा उघडला. तो कोरा होता. पुसलेला नव्हता, पुसल्याची खूण राहते. त्याच्यावर कधी काही घेतलंच नव्हतं.

पण शेवटच्या एका जास्तीच्या पट्ट्यावर काहीतरी होतं. गाणारा काचेच्या बंद खोलीत असतो, आणि बाहेरच्यांना त्याच्याशी बोलायला एक बटण असतं. दाबून बोललं की आत त्याच्या कानावर पडतं. नवख्या माणसानं जोडणी केली की त्या बटणाचा आवाजही टेपवर उतरतो. तशीच चूक झाली होती. प्रत्येक गाण्याच्या आधी बाबांचा तरुण आवाज होता: "येतोय, येतोय. मस्त." मागे कुणीतरी तोंडावर हात दाबून हसत होतं. बासकाकांचं हसू मी कुठेही ओळखीन.

नऊ वेळा तेच. येतोय, येतोय, मस्त. ही उत्तरं होती. प्रश्न टेपवर नव्हता.

मी बाबांकडे गेले. ते शेंगा सोलत बसले होते. बहीण आल्याचं सांगितलं तर म्हणाले, तिला काय कळतंय, दहाव्यासाठीच तर लोक घेणार आहेत, राहू दे. मग मी विचारलं, मस्त कुणाला म्हणत होतात? त्यांचा हात थांबला. हातातली शेंग त्यांनी न सोलताच खाली ठेवली.

जे बाहेर आलं ते तुकड्या-तुकड्यानं. रेकॉर्डिंगच्या आदल्या महिन्यात एका कार्यक्रमात अडकित्ता मंचावर सगळ्यांची ओळख करून देताना अडकला आणि लोक हसले. तेव्हाच्या रेकॉर्ड कंपनीचा माणूस म्हणाला, हा गडी नको, नुसती वाद्यं घ्या. तिघांनी मान डोलावली. पण त्याला सांगायचं कुणी? वाद्यं आधीच वाजवून झाली होती, त्या दिवशी फक्त गाणं घ्यायचं होतं आणि तो नवा सदरा घालून आला होता. त्याला काचेच्या खोलीत उभं केलं आणि त्याचा माईक बंद ठेवला.

"बंद?" मी म्हटलं.

"वाटलं, एक-दोन गाण्यांनंतर सांगू. मग... जमलंच नाही."

"नऊ गाणी गाऊ दिलीत?"

बाबांनी मान खाली घातली. "गाण्याआधी दरवेळी विचारायचा. आवाज आम्हाला ऐकूच येत नव्हता, माईक बंद. काचेतून नुसते ओठ दिसायचे, मिटलेले. पहिल्याच अक्षराला अडकायचा तो. माझा आवाज येतोय का, असं विचारत असायचा."

"आणि तुम्ही हसलात."

"सगळेच हसलो," बाबा म्हणाले.

माणसाला बापाचा राग येतो, तो जातोही. बापाची लाज वाटायला लागली की ती कुठे ठेवायची तेच कळत नाही. मी त्यांच्या पुढ्यातली टरफलं गोळा केली, केरात टाकली आणि उगाचच हात धुतले. मागून ते म्हणाले, "काढून टाक ते दहावं." मी म्हटलं, ते टेपवर नाहीच, काढायचं काय आहे?

स्टुडिओत येऊन मी नऊ गाणी साफ करून, एकामागोमाग जोडून नीट बांधली. कंपनीला कळवलं की दहावं नसेल. त्यांनी कुरकुर केली, मी ऐकलं नाही. पाठवण्याआधी सगळं एकदा सलग ऐकायचं म्हणून लावलं आणि चहाचा कप हातात घेऊन बसले. नववं संपलं. मी थांबवायला हात पुढे केला तर...

म... म... म...

वाटलं, तुलनेसाठी घेतलेला जुन्या रेकॉर्डचा तुकडा चुकून चिकटला असेल. शोधलं, सापडला नाही. सगळं पुसून मूळ टेपवरून पुन्हा बांधलं. आता ते पाचव्या गाण्यानंतर आलं. आणि ते पहिल्यासारखं नव्हतं. मा... मा... असं झालं होतं. माझ्या खोलीत भिंतींना जाड गाद्या आहेत, बाहेरचा ट्रकसुद्धा ऐकू येत नाही. त्या शांततेत माझ्याच गिळण्याचा आवाज मला मोठा वाटला. जुन्या टेपला आंबूस वास असतो, तो त्या दिवशी नाकातून जाईना.

तिसऱ्यांदा पहिल्या गाण्याच्याही आधी आलं. "माझा आ... आ..."

मी बाबांना बोलावून घेतलं. भर दुपारी आले, डोक्याला रुमाल बांधून. मी नुसतं लावलं. ते उभ्यानंच ऐकत होते. आवाज अडकला, पुन्हा अडकला, आणि मग एकदम सुटला.

"माझा आवाज येतोय का?"

त्यानंतर काही नाही. पण ती संपल्याची शांतता नव्हती. माझा सगळा जन्म शांतता ऐकण्यात गेलाय. पलीकडे कुणीतरी उभं होतं.

"उत्तराची वाट बघतोय," बाबा हळूच म्हणाले.

"बाबा, बंद करते मी."

"नको. इथून बटण दाबून नाही सांगायचं. तेव्हा तसंच सांगितलं होतं."

आणि ते माझ्या काचेच्या खोलीत गेले. माझ्याच स्टुडिओतली, रोजच्या वापरातली खोली. मी माईक चालू केला, दोनदा तपासला. बाबा माईकसमोर उभे राहिले, रुमाल सोडून हातात घेतला आणि बोलायला लागले. मला काचेतून त्यांचे ओठ हलताना दिसत होते. आवाज दाखवणारा काटा जागचा हलला नाही. मी तार बदलली, दुसरा माईक जोडला, सगळी बटणं पुन्हा पाहिली. काटा तसाच. बाबा बोलत होते, मध्येच थांबत होते, डोळे पुसत होते, पुन्हा बोलत होते. एकदा त्यांनी माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या. ऐकू येतंय ना, असं विचारल्यासारख्या.

आणि मी काय केलं असेल? मान डोलावली. अंगठा वर करून दाखवला. रडत असलेल्या म्हाताऱ्या माणसाला मध्येच कसं सांगायचं, की तुमचं काहीच ऐकू येत नाही? ते एका क्षणात झालं. हात खाली आल्यावर मला कळलं मी काय केलं ते, आणि मी दाराकडे धावले.

बाबा बाहेर येतच होते. चेहरा हलका झाला होता. काहीतरी सांगायला त्यांनी तोंड उघडलं. ओठ हलले. आवाज आला नाही.

डॉक्टर म्हणाले घसा ठीक आहे. वय झालं, मनाला धक्का बसला असेल, येईल हळूहळू. आला नाही. बाबा पाटीवर लिहून पाणी मागतात. मी समोर गेले की पाटी उलटी ठेवतात, मग मीही काही विचारत नाही. दोघंही एकमेकांच्या नजरेला नजर देत नाही.

त्या दुपारनंतर दहावं आलं नाही. मी नऊ गाणी बांधली, शांत मनानं नाही पण नीट ऐकली, पाठवली. कारखान्यातून आलेली नमुन्याची रेकॉर्डही ऐकली. नऊच होती. रेकॉर्ड निघाली.

आठवड्यानं गायकाच्या बहिणीचा फोन आला. त्यांना एक रेकॉर्ड मी आठवणीनं पाठवली होती. त्या रडत होत्या. मला वाटलं काहीतरी चुकलं, मी आधीच माफी मागायला लागले. तर त्या म्हणाल्या, "अहो, उपकार झाले तुमचे. आमचा भाऊ बोललाय. एकदाही अडकला नाही."

मी फोन ठेवून माझी रेकॉर्ड लावली. नववं संपलं आणि बाबांचा आवाज आला. आताचा, म्हातारा, घोगरा. किती महिन्यांनी ऐकत होते मी तो.

"माईक बंद आहे रे. सकाळपासून बंद आहे. आम्ही सगळे बाहेर बसून बघत होतो. तुला काढून टाकलंय आम्ही, आणि सांगायची हिंमत नव्हती. तू किती चांगला गात होतास ते काचेतूनही दिसत होतं."

मग बराच वेळ काही नाही. मग एक तरुण आवाज, मोकळा, अजिबात न अडकणारा.

"असू द्या दादा. मग आता तुम्ही बसा आत. मी निघतो."

जाड गादीचं दार बंद होताना हवा दाबली जाते, तेवढा एक आवाज. आणि रेकॉर्ड संपली.

हे काढून टाका असं मी कुणाला सांगणार? त्या बाई रोज सकाळी ते लावतात. भाऊ निघतो म्हणाला, म्हणजे सुटला, असं त्या म्हणतात. मला त्यांच्यासाठी बरं वाटतं, आणि तसं वाटलं की लगेच बाबांची पाटी डोळ्यांपुढे येते. भीतीपेक्षा मला लाजच जास्त वाटते. बाबांची वाटते, माझ्या त्या अंगठ्याची वाटते.

काल संध्याकाळी बासकाकांच्या नंबरावरून फोन आला. मी हॅलो म्हटलं, काका म्हटलं, पलीकडून कुणी बोललं नाही. नुसते ओठ मिटल्याचे आणि उघडल्याचे आवाज. मी कान देऊन ऐकत राहिले. प्रत्येक खोलीची आपली एक शांतता असते आणि ती मला ओळखता येते. ती चारी बाजूंनी गाद्या लावलेल्या खोलीची होती.

फोन कापून मी त्यांच्या सुनेला लावला. काका कुठे आहेत, विचारलं. ती म्हणाली, इथेच तर आहेत, स्वयंपाकघरात माझ्यासमोर, सकाळपासून घसा बसलाय त्यांचा, मघाशी तुम्हालाच फोन लावत होते. तिच्या मागे नळ वाहत होता, भांडी आपटत होती, मुलं भांडत होती, आणि ती मला म्हणत होती की आमच्याकडे आज दिवसभर हा असाच गोंधळ चाललाय.